मिटवलेल्या अपघाताची किंमत
(प्रस्तावना)

यंत्रमागाच्या कारखान्यात कुणाला जबर लागले की दोन सल्ले हमखास मिळतात. जखमीला सांगितले जाते, आत्ता तक्रार करू नकोस, शेठ बघून घेतील. शेठला सांगितले जाते, कागद करू नका, दहा-वीस हजार देऊन परस्पर मिटवून टाका. सल्ला देणारी माणसे बहुतेक वेळा वाईट नसतात. एकाची नोकरी टिकावी आणि दुसऱ्याच्या मागे कोर्टकचेरी लागू नये, एवढाच त्यांचा हेतू असतो. या पुस्तकाचे म्हणणे असे आहे की दुसरा सल्ला, मालकाला दिलेला, हिशेबानेच चुकीचा आहे. त्यातली माणुसकी किंवा तिचा अभाव हा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी तो चुकीचाच ठरतो. कामगार भरपाईचा खर्च अपघात घडला त्या क्षणी पुरता ठरत नाही. त्याचा मोठा भाग ठरतो पुढच्या काही तासांत आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत मालक काय करतो यावर. जखमीवर नीट उपचार झाले, घरी पैसे जात राहिले, कागद वेळेवर झाले आणि माणूस झेपेल त्या कामावर परत आला, तर खर्च आटोक्यात राहतो. लपवाछपवी केली की तोच खर्च दुप्पट होऊन दारात उभा राहतो. जखमी कामगाराला मदत करणे आणि मालकाचे पैसे वाचवणे ही दोन वेगळी कामे नाहीत, हे सोलापूरच्या कारखानदाराला आकड्यांत दाखवणे हा पुस्तकाचा उद्देश आहे.

सोलापूरच का, याचे उत्तर या शहराच्या उद्योगाच्या घडणीत आहे. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी उभी राहिली, तीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. तिच्यामागून नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या. गिरणीत हजारो माणसे एका भोंग्यावर कामाला येत. अपघात झाला तर तो शेकडो डोळ्यांसमोर होई, त्याची नोंद होई आणि युनियन विचारायला येई. गिरण्या बंद पडल्या, कापड मात्र सोलापुरात विणले जातच राहिले. ते पूर्व भागातल्या घरांत आणि शेडमध्ये, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणले जाऊ लागले. चादरीचा आणि टॉवेलचा धंदा अशा लहान-मध्यम कारखान्यांच्या जिवावर चालतो. इथला कारखानदार अनेकदा स्वतःच विणकराच्या घरातला असतो, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजातला. माग अडला तर पाना घेऊन स्वतः वाकणारा. त्याच्याकडे कामगार अधिकारी नाही, सुरक्षा अधिकारी नाही, वकील आहे तो नोटीस आल्यावर आठवणारा. गिरणीची जोखीम लहान शेडमध्ये आली, पण ती सांभाळणारी यंत्रणा गिरणीच्या फाटकातच राहिली.

कायदा मात्र त्या गिरणीच्याच काळातला. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. ना. म. जोशी तेव्हा केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत होते. या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. मालकाचा दोष सिद्ध करण्याचे ओझे त्याने जखमीच्या खांद्यावरून काढून टाकले. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली, एवढे पुरे. २०१० पासून कायद्याच्या नावात ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि भरपाईची तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली, पण तिचा सांगाडा बहुतांश तोच आहे. या प्रस्तावनेत मी जुन्या कायद्याचे आकडे घेतो, कारण न्यायालयांचे निकाल त्यांच्यावरच उभे आहेत.

आता हिशेब. तीस वर्षांचा विणकर, महिना १५,००० रुपये मजुरी. जानेवारी २०२० पासून भरपाई मोजताना धरायची कमाल मजुरीही एवढीच आहे, म्हणजे पंचवीस हजार कमावणाऱ्याचे गणितही पंधरा हजारांवरच होते. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात वयानुसार गुणक दिलेले आहेत. तीस वर्षांना २०७.९८, चाळिसाला १८४.१७, पन्नाशीला १५३.०९. मृत्यू झाला तर निम्मी मजुरी गुणिले गुणक, म्हणजे १५,५९,८५० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मजुरीच्या साठ टक्क्यांवर हिशेब, म्हणजे १८,७१,८२०. अवयव गेला तर पहिल्या परिशिष्टात टक्के ठरलेले आहेत. एक अंगठा गेला तर कमावण्याची ताकद तीस टक्क्यांनी घटली असे धरतात, म्हणजे आपल्या विणकराच्या अंगठ्याचे ५,६१,५४६ रुपये. एका हाताची दोन बोटे गेली तर वीस टक्के, ३,७४,३६४ रुपये. उपचारांचा खरा खर्च याशिवाय. दहा-वीस हजारांत मिटवण्याची भाषा या आकड्यांपुढे ठेवून पाहावी.

मिटवले की मिटते, ही समजूतही कायद्याला मान्य नाही. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. पैसे या कायद्याखाली नेमलेल्या भरपाई आयुक्तांकडे जमा करावे लागतात, फक्त तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंतची आगाऊ रक्कम वजा होऊ शकते. अपंगत्वाच्या प्रकरणात तडजोड करता येते, पण तिचा करार आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. करार पाठवला नाही तर मालक पूर्ण भरपाईला बांधील राहतो आणि आधी दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त वजावट, आयुक्तांनी वेगळा हुकूम दिल्याखेरीज, त्याला मिळत नाही. हे १९२३ च्या कायद्याचे कलम २९. ज्याने अंगठ्यासाठी पन्नास हजार रोख मोजले, त्याच्या खात्यात पंचवीस हजारच जमा धरले जातील आणि उरलेले पाच लाख छत्तीस हजार अंगावर येतील. कामगाराने आपला हक्क सोडल्याचे लिहून दिले असले, तरी तो कागद या कायद्यापुढे रद्द आहे. सोलापुरातल्या अनेक कपाटांत पावती तिकिटावर सही-अंगठा घेतलेले असे कागद जपून ठेवलेले असतील. त्यांचा उपयोग मालकाने पैसे दिले होते हे दाखवण्यापुरता, बाकी नाही.

उशिराची किंमत याहून मोठी. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात सांगितले. चित्रपटगृहात काम करताना पडलेल्या सुताराचा तो खटला होता. डावा हात कोपराच्या वरून गेला. परिशिष्टातले टक्के पुढे करून भागले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने कमावण्याची ताकद शंभर टक्के गेली असे धरले. अपघात १९६८ चा, निकाल १९७५ चा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर्षाला बारा टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. आपल्या तीस वर्षांच्या विणकराच्या मृत्यूचे प्रकरण चार वर्षे रेंगाळले असे धरू. मूळ १५,५९,८५०, चार वर्षांचे व्याज ७,४८,७२८, पूर्ण दंड लागला तर ७,७९,९२५. एकूण ३०,८८,५०३. यातली जवळपास निम्मी रक्कम अपघाताची नाही, ती टाळाटाळीची आहे. विमा असला तरी दंडाचा भाग विमा कंपनीवर ढकलता येत नाही. तो मालकाच्या स्वतःच्या चुकीचा असतो, हे १९९७ मधील वेद प्रकाश गर्ग खटल्याच्या निकालाने स्पष्ट केले आहे.

या आकड्यांपुढे राज्य कामगार विमा योजनेचा, म्हणजे सगळे ज्याला ईएसआय म्हणतात त्याचा हप्ता ठेवून पाहावा. या योजनेचा आराखडा प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४८ मध्ये कायदा झाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा मजुरीच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. त्याआधी मालक ४.७५ टक्के भरत होता, म्हणजे दर चांगलाच खाली आला, तरी तक्रारीचा सूर जुनाच राहिला. पंधरा हजार मजुरीवर मालकाचे महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे. वीस कामगारांचे वर्षाचे १,१७,०००. एका मृत्यूच्या भरपाईएवढ्या रकमेत वीस माणसांचे तेरा वर्षांहून अधिक हप्ते भरून होतात. योजनेत नोंदलेल्या कामगाराच्या अपघाताची भरपाई ईएसआय महामंडळ देते आणि मालकावरचा भरपाईचा दावा त्यामुळे उरत नाही. कामगाराच्या बाजूनेही फरक मोठा आहे. भरपाई कायद्यात तात्पुरत्या अपंगत्वाला दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या पंचवीस टक्के, म्हणजे निम्मी मजुरी मिळते. ईएसआयमध्ये सुमारे नव्वद टक्के. महिन्याला साडेसात हजार आणि साडेतेरा हजार यांतला फरक म्हणजे किराणा उधार आणायचा की नाही हा फरक. आणि ज्या घरात उधारी सुरू झाली, तिथला जखमी माणूस जखम भरायच्या आत मागावर उभा राहतो आणि पुन्हा लागून घेतो.

यावर कारखानदारांचा पहिला आक्षेप असा, की ईएसआयच्या दवाखान्यात औषध मिळत नाही, तास न् तास रांग, मग हप्ता कशाचा भरायचा? सोलापुरात योजनेचे रुग्णालय आहे. त्याच्या सेवेबद्दलची कुरकुर सगळीच खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. साध्या तापाच्या गोळ्या नीट मिळतात का, हा एक प्रश्न. अपंगत्वाचे पेन्शन, वारसांचे पेन्शन आणि मालकावरच्या दाव्यापासून संरक्षण, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नाराजीचे असले तरी दुसऱ्याची किंमत शून्य होत नाही. रुग्णालय सुधारावे म्हणून यंत्रमागधारकांच्या संघटनांनी आणि युनियनने एकत्र आवाज उठवला, तर तो ऐकला जाण्याची शक्यता हप्ता बुडवणाऱ्याच्या तक्रारीपेक्षा नक्कीच जास्त. शिवाय नोंद न केलेल्या कामगाराला अपघात झाला, तर महामंडळ त्याला लाभ देऊन त्याची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे हप्ता वाचवून रक्कम वाचेलच असे नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आमच्याकडे दहा माणसे नाहीतच. सोलापुरात एकाच छपराखाली दोन-तीन फर्मच्या पाट्या असणे नवलाचे नाही. ईएसआयला दहाची मर्यादा आहे, भरपाईच्या जबाबदारीला ती नाही. विजेवर माग चालतो आणि त्यावर दुसऱ्याचे हात राबतात, एवढ्यावर जबाबदारी सुरू होते. बदली कामगार, रोजंदारीचा कामगार, नगावर मजुरी घेणारा, सगळे त्यात येतात. माझ्या आवारात ठेकेदाराने आणलेला माणूस जखमी झाला तरी तो मला जबाबदार धरू शकतो, मग मी ठेकेदाराकडून वसूल करत बसायचे. म्हणून ज्याची माणसे खरोखरच दहाच्या आत आहेत, त्याला दोन वाटा आहेत. नव्या संहितेप्रमाणे स्वेच्छेने ईएसआयमध्ये जाणे किंवा सर्वसाधारण विमा कंपनीची कर्मचारी भरपाई पॉलिसी घेणे. पॉलिसी घेताना एक गोष्ट पाहावी. मजुरीचा जो आकडा विमा कंपनीला कळवला जातो, तोच दाव्याच्या वेळी पुढे येतो. प्रीमियम वाचवायला मजुरी आणि माणसे कमी दाखवली, की वाचवलेले हजार रुपये ऐन वेळी लाखांत फिटतात. आणि कागदावर फर्म तोडून नऊ-नऊ माणसे दाखवणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो. ईएसआयचे छत्र नाही आणि भरपाईची पूर्ण जबाबदारी डोक्यावर.

इथवर पैशाचे झाले. खर्च खरा कमी होतो तो अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांत, आणि याबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते. बोट तुटून वेगळे झाले तर काय करायचे, हे किती कारखान्यांतल्या मुकादमाला, जॉबरला सांगता येईल? जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरायचा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. तुकडा थेट बर्फात किंवा पाण्यात टाकायचा नाही, त्याने पेशी मरतात. हळद, चुना, तंबाखू काहीही लावायचे नाही. मग जवळच्या दवाखान्यात टाके घालून घेण्याऐवजी, बोट जोडण्याची शस्त्रक्रिया करणारा सर्जन आहे का, हे फोनवर विचारून तिकडे निघायचे. थंड ठेवलेले बोट काही तास तग धरते, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेले धरत नाही. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात हा फरक निर्णायक असतो. अंगठा वाचला तर विणकराचा धागा जोडणारा हात वाचतो. मालकाच्या बाजूने पाहिले तर परिशिष्टातले तीस टक्के, म्हणजे साडेपाच लाखांहून जास्त रक्कम या पिशवीवर आणि एका फोनवर अवलंबून असते. सोयीच्या ठिकाणी एक झाकणाचा थर्मास, स्वच्छ कापड, जाड पिशव्या आणि भिंतीवर तीन फोन नंबर. याला लागणारा खर्च दिवाळीच्या मिठाईच्या एका खोक्याएवढाही नाही.

दुसरा टप्पा परत कामावर येण्याचा. आपल्याकडची रीत अशी, की पूर्ण बरा होऊन ये, मग बघू. बघू म्हणेपर्यंत त्याच्या मागावर दुसरा माणूस लागलेला असतो. जर्मनीत १८८४ पासून अपघात विमा आहे आणि तिथे आधी पुनर्वसन, मग पेन्शन असा क्रम मानला जातो. आपल्या कायद्यातही याला जागा आहे, ती कुणी वाचत नाही. तात्पुरत्या अपंगत्वाचा पंधरवड्याचा हप्ता हा अपघाताआधीच्या आणि नंतरच्या मजुरीतल्या फरकापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे हाताला पट्टी असलेल्या विणकराला टॉवेलची तपासणी, गठ्ठ्यांची मोजणी, नोंदवही, नव्या पोराला माग शिकवणे असे काम देऊन मजुरी चालू ठेवली, तर भरपाईचा भार कायदेशीरपणेच उतरतो. अट एकच, डॉक्टरने लेखी परवानगी दिलेली असावी आणि काम नावापुरते नसावे. कोपऱ्यात बसवून ठेवलेला माणूस लवकर बरा होत नाही, तो आठवड्याभरात वैतागून घरी बसतो. ईएसआयखाली उपचार घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नाही, ही तरतूद मालकाला जाच वाटते. पण पाच-सहा महिने खपून तयार केलेला विणकर गेला, तर नव्या माणसाच्या हातून वाया जाणारे सूत आणि बंद उभा राहणारा माग यांचा हिशेब त्याने एकदा वहीत मांडून पाहावा.

तिसरा आक्षेप, जो बोलून दाखवला जात नाही पण मनात असतो: माणसे ढोंग करतात. काही करत असतील. पण ढोंग पकडायचे साधन म्हणजे कागद, आणि कागद टाळायचा तर ढोंग पकडणार कसे? अपघाताची नोंद त्याच पाळीत झाली, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, डॉक्टरचा कागद त्याच दिवशीचा असला, तर घरी मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाला कारखान्याचा दावा करता येत नाही. नोंद नसेल तेव्हाच सहा महिन्यांनी येणाऱ्या दाव्यापुढे मालक निःशस्त्र असतो. ‘त्याच्याच निष्काळजीपणाने झाले’ या बचावाचेही तसेच. कायद्याने मालकाला मोजकीच सूट दिली आहे: दारूच्या अमलात असणे, हुकूम जाणूनबुजून मोडणे, सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकणे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तीही सूट मिळत नाही. डुलकी लागली, लक्ष नव्हते, घाई केली, हे बचावात बसतच नाही, आणि रात्रपाळीत नगावर मजुरी घेणाऱ्याने घाई केली तर त्याला घाई करायला लावणारा दर कुणी ठरवला, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच.

कामाच्या जागेची हद्दही आता कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही. शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज दिले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा मंजूर केले. पाळीची वेळ, रस्ता आणि काम यांचा संबंध दिसत असेल तर कामावर येता-जातानाचा अपघात हा कामावरचाच अपघात. नव्या संहितेतही हा नियम आला आहे. रात्रपाळी सुटल्यावर कुंभारीकडे किंवा आसपासच्या गावांकडे अंधारात निघणाऱ्या माणसांचा विचार त्यामुळे मालकाच्या हिशेबात घ्यावाच लागेल. पण त्याहून नजरेआड राहते ते २२ वर्षांचे अंतर. त्या कुटुंबाने त्यात काय काय विकले असेल याची नोंद निकालपत्रात नसते.

अपघात टाळण्याबद्दल या पुस्तकात एकच प्रकरण आहे, याची तक्रार होईल. ते जाणूनबुजून आहे. उडणाऱ्या धोट्याला आडवे येणारे गार्ड, पट्ट्यावरची जाळी, मागांमध्ये मोकळी वाट, यांवर लिहिलेले पुष्कळ आहे, वापरलेले कमी. रॅपियर माग आले तिथे धोटा गेला, पण बोट अडकण्याच्या जागा गेल्या नाहीत. आगीचे मात्र सांगितलेच पाहिजे. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. त्यात कामगार कुटुंबातली माणसे होती, तसेच आवारातच राहणारे मालक आणि त्यांच्या घरातले लहान मूलही होते. सुरक्षेवरचा खर्च म्हणजे मालकाने कामगारासाठी केलेला खर्च, ही समजूत सोलापुरात तरी टिकत नाही. इथे सूत, कामगार आणि मालकाचे घर अनेकदा एकाच जिन्याने वर जातात.

ईएसआयची एक खोट मान्य केली पाहिजे. सगळ्यांना दर सारखाच. ज्याच्या कारखान्यात दहा वर्षांत बोटाला खरचटले नाही तोही ३.२५ भरतो आणि ज्याच्याकडे दर वर्षी अपघात होतो तोही. अमेरिकेत विमा कंपन्या मागच्या अपघातांवर पुढचा प्रीमियम ठरवतात, त्यामुळे काळजी घेणाऱ्याला सवलत मिळते. आपल्याकडे असा फायदा थेट हातात पडत नाही. पण अमेरिकी पद्धतीची दुसरी बाजूही आहे. प्रीमियम वाढू नये म्हणून तिथे अपघातच दडवण्याचा मोह वाढतो, आणि दडवण्याची सवय आपल्याकडे आधीच आहे, तिला आणखी खतपाणी नको. मला सारखा दरच बरा वाटतो. बक्षीस द्यायचेच असेल तर ते कमी अपघातांना न देता वेळेवर कळवलेल्या अपघातांना द्यावे.

शेवटी दोन गोष्टी, ज्यांना हे पुस्तक पुरेसा न्याय देत नाही. पहिली, हळूहळू होणाऱ्या इजा. मागांच्या खडखडाटाने येणारा बहिरेपणा आणि कापसाच्या धुळीने होणारा श्वासाचा विकार, म्हणजे बिसिनोसिस, हे दोन्ही कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले आहेत. साखर कारखान्यांतल्या चोथ्याच्या धुळीने होणारा बगॅसोसिसही आहे. म्हणजे अपघात न होताही भरपाई देय होऊ शकते. इथे अपघाताची तारीख नसते, साक्षीदार नसतो, आणि चार कारखान्यांत वीस वर्षे काढलेल्या माणसाचा खोकला नेमका कोणाचा, हे ठरवणे अवघड होते. कामावर घेताना आणि मग दर दोन वर्षांनी श्रवण आणि फुफ्फुसांची तपासणी करून तिचा कागद दोघांकडे ठेवणे, एवढाच उपाय यात सुचवता आला आहे. त्यावर कारखानदार म्हणेल, तपासणी केली तर दोष सापडेल. सापडेल, आणि तो आपल्याकडे येण्याआधीचा आहे की नंतरचा, हेही त्याच कागदावर सापडेल. दुसरी, घरी बसून विड्या वळणाऱ्या सोलापुरातल्या हजारो बायका. पाने आणि तंबाखू कारखान्यातून येतात, काम घरात होते, पाठ आणि डोळे घरातच जातात. त्यांच्या मालकाची जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, यासाठी वेगळे पुस्तक लागेल आणि त्याचे कायदे वेगळे आहेत. या पुस्तकाची हद्द शेडच्या दारापाशी संपते.